कोरडा बोअर आणि न सापडलेले कण

जूनमधल्या एका मंगळवारी दुपारी तो ईमेल आला, तेव्हा मी टँकरचा पाइप टाकीत धरून उभी होते.

पडेगावात आमच्या गल्लीत उन्हाळाभर हे ठरलेलं असतं. टँकर हॉर्न देतो, शेजारच्या काकू हाक मारतात आणि मी ऑफिसचा कॉल म्यूट करून गेटकडे पळते. गेली तीन वर्षं मी पुण्याच्या एका कंपनीचं काम इथूनच करते. पेमेंट सिस्टीमचं बॅकएंड. खिशातला फोन थरथरला म्हणून एका हाताने उघडला. एका संशोधन संस्थेने मला पीएच.डी.साठी निवडलं होतं. विषय पार्टिकल फिजिक्स, म्हणजे कणभौतिकी. गट प्रायोगिक. होकार किंवा नकार ३० जूनपर्यंत कळवायचा होता.

टाकी भरून वाहायला लागली तरी मी पाइप धरूनच होते. टँकरवाले भाऊ ओरडले तेव्हा भानावर आले.

संध्याकाळी पप्पा वाळूजहून आले. चहा देताना मी त्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तिथं जाऊन नेमकं करायचं काय?"

"कण शोधायचे."

"सापडतात?"

"बहुतेक वेळा नाही."

"मग त्याचा उपयोग काय?"

हा टोमणा नव्हता. पप्पा एकतीस वर्षं वाळूज एमआयडीसीत मशीनवर आहेत. हातातून जाणाऱ्या प्रत्येक तुकड्याला ते 'जॉब' म्हणतात, आणि कुठला जॉब कुठल्या गाडीत कुठे बसतो हे त्यांना माहीत असतं. माझा जॉब कुठे बसतो, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी इंजिनियर आहे, दिवसभर लोकांना सिस्टीम समजावून सांगते. पण त्या संध्याकाळी मला उत्तर देता आलं नाही. पुढचे दोन आठवडे मी जी उत्तरं दिली, ती सगळी चुकीची होती. हा लेख त्या चुकांबद्दल आहे.

दहावीतली बातमी

४ जुलै २०१२ ला जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेने हिग्ज बोसॉन सापडल्याचं जाहीर केलं, तेव्हा मी दहावीत होते. दुसऱ्या दिवशी पेपरात 'देवकण सापडला' असा मथळा होता. मी तो कापून वहीत ठेवला. ही कल्पना १९६४ साली कागदावर मांडली गेली होती आणि ती खरी आहे हे कळायला अठ्ठेचाळीस वर्षं लागली, एवढंच मला त्यातलं कळलं. एका प्रश्नासाठी माणसं अठ्ठेचाळीस वर्षं थांबतात, याचं फार नवल वाटलं होतं.

पुढे जे सगळ्यांचं होतं तेच झालं. बारावीला मार्क बरे पडले, कॉम्प्युटरला ॲडमिशन मिळाली, कॅम्पसमधून नोकरी लागली. याबद्दल माझी काही तक्रार नाही. आमचं पडेगावचं रो-हाउस त्या नोकरीच्या कर्जावर उभं आहे.

२०२१ च्या लॉकडाउनमध्ये एक गोष्ट हाती लागली. सर्न आपल्या प्रयोगांचा जुना डेटा लोकांसाठी खुला करतं. कुणीही, कुठूनही तो डाउनलोड करू शकतं. मी सीएमएस या डिटेक्टरने २०१२ मध्ये नोंदवलेल्या सहा कोटींहून जास्त टकरांची एक फाइल उतरवून घेतली. दोन जीबीच्या आसपास, म्हणजे एखाद्या सिनेमाएवढी. टक्करीतून दोन म्यूऑन बाहेर पडले असतील तर त्या जोडीचं मिळून वस्तुमान किती, हे मोजायचं आणि आलेख काढायचा. पन्नासेक ओळींचा कोड.

वायफाय सारखं जात होतं. रात्री दीडच्या सुमारास आलेख तयार झाला. एक उतरती रेघ आणि तिच्यावर अधूनमधून टोकदार उंचवटे. एक तीनजवळ होता, तो जे-साय. आणि उजवीकडे ९१ जवळ एक मोठा, रुंद उंचवटा. तो झेड बोसॉन.

पुस्तकात वाचलेला कण माझ्या लॅपटॉपवर माझ्या कोडमधून उभा राहिला होता, आणि तो डेटा मी दहावीत असतानाचा होता. मी आईला उठवलं. आईने आलेख पाहिला, "छान आहे गं," म्हणाली आणि परत झोपली.

त्यानंतर चार वर्षं मी रोज पहाटे पाच ते आठ अभ्यास केला. जेस्ट ही परीक्षा तीनदा दिली. बी.ई. झालेल्यांनाही काही संस्था तिच्या गुणांवर मुलाखतीला बोलावतात. तिसऱ्या वेळी बोलावणं आलं आणि मग तो ईमेल.

तयार उत्तरं

'उपयोग काय' या प्रश्नाला विज्ञानवाल्यांकडे तयार उत्तरं असतात. पप्पांना मी तीच दिली.

पहिलं उत्तर: वर्ल्ड वाइड वेब सर्नमध्ये जन्मलं. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये शास्त्रज्ञांना माहितीची देवाणघेवाण सोपी व्हावी म्हणून त्याचा प्रस्ताव लिहिला होता. आज माझा पगार त्यावरच चालतो. दुसरं उत्तर: कॅन्सरच्या तपासणीतला पेट स्कॅन पॉझिट्रॉन या कणावर चालतो. पॉझिट्रॉन १९३२ मध्ये सापडला तेव्हा हॉस्पिटल कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

पप्पांनी ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे तू असं काही काढणार आहेस?"

नाही. मी काही काढणार नव्हते. सर्नच्या दोन मोठ्या प्रयोगांनी २०१५ मध्ये हिग्जचं वस्तुमान मिळून मोजलं, त्या शोधनिबंधावर ५,१५४ लेखकांची नावं आहेत. मी गेले असते तर अशाच एखाद्या यादीत मधे कुठेतरी असते.

तेव्हा मला या तयार उत्तरांमधली खोट दिसली. वेब आणि पेट स्कॅनचं नाव घेतलं की आपण कबूल करून टाकतो की ज्ञानाने शेवटी काहीतरी कमावून आणलंच पाहिजे, फक्त जरा उशिरा. मग उद्या एखाद्या कणातून काहीच कमाई झाली नाही, तर तो शोधणं चूक होतं का? मला तसं वाटत नाही. मग मी तसं वाटत असल्यासारखी उत्तरं का देत होते? कारण ती ऐकून समोरचा गप्प बसतो.

माझं खरं उत्तर वेगळं होतं. जग कशाचं बनलं आहे हे कळावंसं मला वाटतं. भूक लागते तसं वाटतं. त्याचा उपयोग नसेलही.

हे मी पप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "हां, हे खरं बोललीस." आणि टीव्ही लावला.

पण खरं बोलल्याने प्रश्न सुटला नव्हता. मला वाटतं म्हणून मी करायचं, हे ठीक. पण पैसे कुणाचे?

काकांचा बोअर

आमचे मोठे काका वैजापूर तालुक्यात शेती करतात. २०१६ चा उन्हाळा मराठवाड्यात कुणी विसरणार नाही. लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं ते साल. त्या वर्षी काकांनी मोसंबी वाचवायला बोअर घेतला. पाणाड्या आला, तळहातावर नारळ घेऊन शेतभर फिरला. ईशान्येच्या कोपऱ्यात नारळ उभा राहिला. रात्री गाडी आली.

मी तेव्हा सुट्टीत तिथेच होते. दोनशे फुटांवर नुसता धुरळा. साडेतीनशेला थोडी ओल आली, सगळे पुढे सरसावले आणि परत धुरळा. काका प्रत्येक पाइप उतरताना म्हणायचे, "अजून एक." साडेपाचशे फुटांवर गाडीवाल्याने स्वतःच मशीन बंद केलं. सकाळी आमचं सगळं घर दगडाच्या पिठाने पांढरं झालं होतं. बोअरसाठी व्यापाऱ्याकडून उचल घेतली होती. ती फिटायला पुढचे दोन कापूस गेले. मोसंबी जळाली ती वेगळीच.

मी जिथे जाणार होते, तिथलं काम सांगायला मला यापेक्षा जवळचं उदाहरण सापडत नाही.

जिनिव्हाजवळ जमिनीखाली सत्तावीस किलोमीटर घेराचं वर्तुळ आहे. त्यात प्रोटॉनचे पुंजके एकमेकांवर आदळतात, सेकंदाला सुमारे चार कोटी वेळा. त्यातल्या जेमतेम हजारभर घटना ठेवल्या जातात, बाकीच्या तिथल्या तिथे फेकल्या जातात. ठेवलेल्या घटनांमध्ये एखादा नवा कण दिसतो का, हे पाच-सहा वर्षं तपासायचं. हिग्जनंतर तिथे कुठलाही नवा मूलभूत कण सापडलेला नाही. म्हणून आज या विषयातल्या कितीतरी प्रबंधांचं सार एका वाक्यात सांगता येतं: अमुक प्रकारचा कण तमुक वस्तुमानापर्यंत नाही. या कोपऱ्यात साडेपाचशे फुटांपर्यंत पाणी नाही.

हे ज्ञान आहे, यात मला शंका नाही. काकांच्या बांधाला लागून ज्यांचं शेत आहे, त्यांनी त्या रेषेत बोअर घेतलाच नाही. त्यांचे पैसे वाचले. 'इथे नाही' हे कळण्यालाही किंमत असते आणि ती कुणीतरी मोजलेली असते.

पुण्यात जन्मलेल्या आणि पुण्यातच २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये गेलेल्या रोहिणी गोडबोले यांच्याबद्दल मी या काळात खूप वाचलं. एस. पी. कॉलेज, आयआयटी मुंबई, मग अमेरिकेत स्टोनी ब्रूकला १९७९ मध्ये पीएच.डी. आणि लगेच भारतात परत. मुंबईत टीआयएफआर आणि मुंबई विद्यापीठ, १९९५ पासून बंगळूरची आयआयएससी. सुपरसिमेट्री हा त्यांच्या कामाचा एक मोठा भाग. माहीत असलेल्या प्रत्येक कणाला एक जोडीदार कण असावा, अशी ती कल्पना आहे. मॅन्युएल ड्रीस आणि प्रबीर रॉय यांच्यासोबत त्यांनी या न सापडलेल्या कणांवर अख्खं पाठ्यपुस्तक लिहिलं, ते २००४ मध्ये आलं. त्यातला एकही जोडीदार कण अजून सापडलेला नाही.

मग ते आयुष्य वाया गेलं का? असं म्हणायची कुणाची हिंमत होणार नाही, आणि ते खरंही नाही. कुठे बघायचं, कसं बघायचं आणि काय दिसलं नाही तर काय समजायचं, हे अशाच माणसांनी शिकवलं.

पण इथेच मला काका आठवतात. शास्त्रज्ञाचा बोअर कोरडा गेला तर प्रबंध होतो, पदवी मिळते, दर महिन्याला फेलोशिप आलेली असते. देशात सध्या जेआरएफला महिना ३७,००० आणि पुढे एसआरएफला ४२,००० रुपये आहेत. कण सापडो न सापडो, आकडा तोच. आणि तो तसाच असायला हवा, नाहीतर माणसं नसलेले कण शोधून दाखवतील. काकांचा बोअर कोरडा गेला तर दोन कापूस जातात.

म्हणजे समाजाने शास्त्रज्ञाच्या अपयशाचा विमा उतरवलेला आहे. शेतकऱ्याच्या अपयशाचा तसा उतरवलेला नाही.

यावरून काही जण म्हणतात, मग आधी पाणी द्या, कण नंतर बघू. हिंगोलीत औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया होणार आहे. गुरुत्वीय लहरी पकडायचं यंत्र. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने त्यासाठी २,६०० कोटींना मंजुरी दिली. आमच्या आजी नागनाथाच्या दर्शनाला न्यायच्या, तो हा भाग. पाण्यासाठी वणवण केलेल्या माणसाने त्या आकड्याकडे बघून कपाळावर आठ्या पाडल्या, तर मी त्याला अडाणी म्हणणार नाही. मात्र कण थांबवले म्हणून वैजापूरला पाणी येईल, हेही मला पटत नाही. न केलेल्या संशोधनाचा पैसा आपोआप शेताकडे वळल्याचं मी पाहिलेलं नाही. मला हवं आहे ते उलटं. जो विमा शास्त्रज्ञाला आहे, तसा काकांनाही हवा.

एवढं लिहून मी थांबले असते तर सोपं होतं. सरकारवर बोट दाखवायचं आणि बॅग भरायची. पण संशोधनाची सगळी किंमत सरकार मोजत नाही. उरलेली घर मोजतं.

डोळे झाकून मोजणं

तिसऱ्या दिवशी पप्पा म्हणाले, "जा तू. आम्ही बघू."

मला इतका आनंद झाला की मी लगेच सात जणांना फोन केले. जर्मनीत पीएच.डी. करणारी मैत्रीण, ट्विटरवर ओळख झालेला एक पोस्टडॉक, कॉलेजचे एक सर, आणखी चौघे. सगळे म्हणाले, जा. संधी परत येत नाही.

सातपैकी सात. प्रॉडक्शनमध्ये सातपैकी सात टेस्ट पहिल्याच फटक्यात हिरव्या झाल्या, तर मी आधी टेस्ट तपासते. इथे मात्र तपासायचं सुचलं नाही. माझा एक मावसभाऊ पाचव्या वर्षी पीएच.डी. सोडून परत आला. त्याला मी फोन केलाच नव्हता, हे नंतर लक्षात आलं. जी माणसं 'जा' म्हणतील, तीच मी निवडली होती.

गंमत म्हणजे मी ज्या विषयात जाणार होते, त्यात या आजारावर औषध आहे. त्याला ब्लाइंड ॲनालिसिस म्हणतात. डेटाच्या ज्या भागात नवा कण दिसण्याची शक्यता आहे, तो भाग झाकून ठेवायचा. आधी सगळे नियम ठरवायचे: कुठल्या घटना घ्यायच्या, कुठल्या टाकायच्या, बॅकग्राउंड किती धरायचं. नियम गोठले की मगच पडदा काढायचा. त्यानंतर आवडो न आवडो, नियम बदलायचा नाही. सीएमएसच्या लोकांनी २०१२ मध्ये हिग्जसाठी हेच केलं होतं. जूनच्या मध्यापर्यंत त्यांनी स्वतःचंच उत्तर पाहिलं नव्हतं.

हे का करावं लागतं? कारण माणूस अप्रामाणिक नसला तरी आशावादी असतो. २०१५ च्या डिसेंबरमध्ये ॲटलास आणि सीएमएस या दोन्ही प्रयोगांच्या आलेखात ७५० जीईव्हीजवळ एक छोटा उंचवटा दिसला. तो नवा कण आहे असं त्या प्रयोगांनी म्हटलं नव्हतं, आकड्यांना तेवढा जोर नव्हता. पण जगभरातल्या सिद्धांतवाल्यांनी काही महिन्यांत त्यावर पाचशेहून जास्त शोधनिबंध लिहिले. २०१६ च्या ऑगस्टमध्ये जास्त डेटा आला आणि उंचवटा विरघळला. तिथे कण नव्हताच. योगायोगाने काही घटना जास्त पडल्या होत्या.

साडेतीनशे फुटांवरची ओल.

आणि बॅकग्राउंड. आपल्याला हव्या त्या घटनेसारखी दिसणारी, पण दुसऱ्याच कारणाने घडलेली गोष्ट म्हणजे बॅकग्राउंड. रोहिणी गोडबोले आणि ड्रीस यांचं एक गाजलेलं काम याच गोष्टीबद्दल आहे. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या प्रचंड ऊर्जेच्या टकरांमध्ये झोतांतूनच निघालेले फोटॉन एकमेकांवर आदळून किती नको असलेला कचरा तयार करतील, हे त्यांनी दाखवलं. पुढच्या यंत्रांची आखणी करताना तो हिशेब धरावा लागला. सिग्नल मोजण्याआधी बॅकग्राउंड वजा करावं लागतं.

हे वाचत असताना एका संध्याकाळी मी किचनमध्ये गेले. आईने माळ्यावरचं शिलाई मशीन खाली काढलं होतं. सहा वर्षांपूर्वी गुडघ्यांमुळे बंद केलेलं. तेल घालून चाक फिरवून बघत होती. मी विचारलं, "हे कशाला?"

"असंच. काकूंचे दोन ब्लाउज आहेत."

आईने मला 'जा' किंवा 'नको जाऊ' यातलं काहीच म्हटलं नव्हतं. तिने फक्त मशीन खाली काढलं होतं.

तेव्हा मला पप्पांच्या 'जा तू' चा अर्थ लागला. त्या होकारात एक सिग्नल होता: हे करण्यासारखं आहे, आपल्याला झेपेल. आणि एक बॅकग्राउंड होतं: लेकीचा चेहरा पडू नये. दोन्ही बाहेरून अगदी सारखी दिसतात, दोन्हीचा आवाज 'जा' असाच येतो. प्रोटॉनला माझ्याबद्दल काही वाटत नाही, म्हणून त्याचं उत्तर आहे तसं घेता येतं. पप्पांना वाटतं. म्हणून त्यांचा होकार जसाच्या तसा हिशेबात धरता येत नाही. जी माणसं आपली किंमत मोजतात, तीच आपल्यावर प्रेम करतात. घरच्यांची परवानगी घेतली की प्रश्न सुटला असं आपण समजतो. माझ्या मते खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो.

एक्सेल शीट

मी एक शीट बनवली. आकडे भरण्याआधी नियम लिहिले आणि पप्पांना दाखवले.

एक, घराचा हप्ता चुकता कामा नये. दोन, भावाची बी.फार्म.ची दोन्ही वर्षांची फी बाजूला काढून ठेवायची. तीन, एक लाख रुपये दवाखान्यासाठी, त्याला हात लावायचा नाही. चार, पप्पांचा पीएफ धरायचा नाही. पाच, आईची शिलाई शून्य धरायची. सहा, भावाचं शिक्षण संपल्यावर सहा महिने, म्हणजे डिसेंबर २०२७ पर्यंत घर चाललं पाहिजे. या सगळ्यात बसलं तर मी जाणार, नाही बसलं तर यंदा नाही.

पप्पांनी चष्मा लावून वाचलं. "बरोबर आहे," म्हणाले. मग मी आकडे भरले.

फेलोशिप ३७,०००. त्यातून माझी मेस, हॉस्टेल, प्रवास वजा जाता घरी २४,०००. हप्ता २३,४००. पप्पांच्या पगारात घर जेमतेम चालतं आणि मे २०२६ मध्ये ते रिटायर होतात. पेन्शन धरून त्यानंतर दर महिन्याला वीस हजार कमी पडणार. माझी बचत ४,८०,०००. त्यातून फीचे १,६०,००० आणि दवाखान्याचे एक लाख गेले की राहतात २,२०,०००. म्हणजे अकरा महिने. एप्रिल २०२७. लागणार होते एकोणीस.

आठ महिने कमी. एक लाख साठ हजार रुपये.

पप्पांनी शीटकडे पाहिलं आणि लगेच म्हणाले, "दवाखान्याचे एक लाख कशाला धरले? आम्हाला काय होतंय? आणि बाकीचे साठ पीएफमधून काढू."

मला किती सोपं होतं 'हो' म्हणणं! तो बदल त्यांनी स्वतः सुचवला होता. आकडा बरोब्बर जुळत होता. पण तो पडदा काढल्यानंतरचा बदल होता. टेस्ट फेल होते म्हणून कोड सुधारायच्या ऐवजी टेस्टच बदलायची, हे ऑफिसमध्ये ज्युनियरने केलं तर मी त्याचा कोड परत पाठवते.

मी नाही म्हटलं. पप्पा चिडले. दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. आतेभावाच्या लग्नात कुणीतरी म्हणालं, बरं झालं, पस्तिशीपर्यंत शिकत बसली असती तर लग्न कधी केलं असतं. त्यांना वाटलं मी त्यांचं ऐकलं. मला त्याचा जास्त राग आला.

संस्थेला मी एक वर्ष थांबता येईल का असं विचारलं. तशी सोय नाही, पुन्हा अर्ज करा, असं सौम्य उत्तर आलं. २८ जूनला मी नकार कळवला.

हा निर्णय बरोबर होता का? मला खात्री नाही. माझ्या जागी भाऊ असता तर त्याने अशी शीट केली असती का, हा प्रश्न मला अजूनही टोचतो. आणि ज्यांच्या घरात एक लाख साठ हजार ही शीट करण्याइतकी मोठी रक्कम नसते, त्यांना हा लेख लिहावाच लागत नाही. कणभौतिकी फक्त त्यांनीच करावी असं मला म्हणायचं नाही. उलट ती पडेगावच्या मुलीलाही करता यावी, एवढी फेलोशिप असावी आणि ती वेळेवर मिळावी. तोपर्यंत जी मुलगी माझ्या उलट निर्णय घेऊन गेली असेल, तिला मी दोष देणार नाही. तिने आपला हिशेब आधी मांडला होता का, एवढंच मी विचारेन.

आणखी एक वर्ष काम केलं तर ही शीट सहज जुळते. ते मी तपासलं आहे. जुळणार नाही ती खात्री: परीक्षा पुन्हा, मुलाखत पुन्हा, ईमेल येईलच असं नाही. पहाटे पाचचा अलार्म मी परत लावला आहे.

मागच्या महिन्यात वैजापूरला गेले होते. काकांनी विचारलं, "मग काय शोधू राहिली तू आता?" मी म्हटलं, यंदा नाही जाणार. त्यांनी खोदून विचारलं नाही. ईशान्येच्या कोपऱ्यात त्या बोअरच्या तोंडावर अजून दगड ठेवलेला आहे. त्याच्या बाजूने नांगर वळवून घेतात.

पप्पा आता बोलतात. जेस्टचे फॉर्म कधी निघतात, हे त्यांनी दोनदा विचारलं. शिलाई मशीन मात्र अजून खालीच आहे. मी परवा म्हटलं, वर ठेवून देऊ का? आई म्हणाली, "राहू दे. पुढच्या वर्षी लागेल."